मूळचे कोण, आणि हक्काचे कोण?

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगड येथे दिवाणी व फौजदारी न्यायालयाची नवी इमारत उघडली. उद्‌घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. याच मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव. त्या निमित्ताने पुष्कळ भाषणे झाली, आणि ‘या मातीचे सुपुत्र’ हा शब्दप्रयोग साहजिकच वापरला गेला. शब्द गोड आहे. परंतु ज्यांच्यासंबंधी तो वापरला जातो, ते तरुण बॅरिस्टर असताना ‘आपण कोठले, आपण कोणाचे’ हा प्रश्न त्यांना किती दिवस छळत होता आणि शेवटी त्याचे उत्तर त्यांनी कोठे शोधले, याचा विचार त्या शब्दाने होत नाही. तो विचार आज करणे आवश्यक आहे. कारण ‘मूळचे कोण आणि उपरे कोण’ हा वाद आपल्या चळवळीच्या दारात पुन्हा येऊन उभा राहिला आहे.

आंबडवे या गावाशी आंबेडकरांचा संबंध प्रथमतः नावापुरता. जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१ चा. वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला राहिले, आणि मग साताऱ्यास गेले. तेथील सरकारी शाळेच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. अशा रीतीने ज्या गावात मुलगा वाढला नाही, त्या गावाची खूण त्याच्या आडनावात कायमची राहिली. या घराण्याकडे गावदेवीची पालखी ठेवण्याचा मान होता, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. कीर हेही रत्नागिरीचेच. पालखीचा मान आणि पाणवठ्याची बंदी या दोन्ही गोष्टी एकाच घराच्या वाट्याला एकाच वेळी येऊ शकत होत्या, हे आपल्या ग्रामव्यवस्थेचे वैशिष्ट्य होय. गाव महाराला आपला म्हणत असे, पण कामापुरता.

पत्नी रमाबाई याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून पोट भरीत. समुद्र, बंदर, डोंगर सारे येथलेच. फक्त त्यातील काहीही त्यांच्या नावावर नव्हते.

१९१७ साली बडोद्यात जे घडले ते सर्वांना माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या तरुणाला राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहात तो नाव लपवून राहिला, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यास बाहेर काढले. हिंदू मित्राचे दार बंद, ख्रिस्ती मित्राचेही बंद. न्यूयॉर्कमध्ये जो कोणत्याही खाणावळीत बसू शकत होता, त्याला स्वदेशात झाडाखाली बसून दिवस काढावा लागला. पुढे १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात महात्मा गांधींना भेटताना आपणास मायभूमी नाही, असे जे ते म्हणाले, ते वक्तृत्वाचा अलंकार म्हणून नव्हे. त्यामागे हा अनुभव होता.

अशा माणसापुढे एक तयार उत्तर होते, आणि ते याच जिल्ह्यात तयार झाले होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. जोतीराव फुले यांच्यापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी सांगितले की अस्पृश्य हे या देशाचे मूळचे रहिवासी, अनार्य. बाहेरून आलेल्यांनी त्यांना जिंकून खाली दडपले. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘तू गावाबाहेरचा’ असे ऐकविले गेले, त्याने उलटून ‘गाव आमचे, बाहेरचे तुम्ही’ असे म्हणावे, यात केवढे बळ आहे! लष्करातील महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद होऊन जेव्हा सन्मानाची एकमेव वाट बुजली, त्या काळात या विचाराने हजारो माणसांची मान ताठ केली. त्याला आज कोणी अडाणी कल्पना म्हणून हसण्याचे कारण नाही.

हाच विचार १९२० नंतरच्या दशकात सर्व देशभर फोफावला. मद्रासकडे आदि-द्रविड, हैदराबाद-आंध्राकडे आदि-हिंदू व आदि-आंध्र, संयुक्त प्रांतात स्वामी अछूतानंदांचा आदि-हिंदू पंथ, पंजाबात मंगूराम यांचे आद-धर्म मंडळ. ‘आदि’ म्हणजे आम्ही अगोदरचे. महाराष्ट्रातही ‘महार’ या शब्दावरूनच ‘महाराष्ट्र’ झाले अशी व्युत्पत्ती सांगितली जात होती. एखाद्या तरुण पुढाऱ्याने ही लाट स्वीकारली असती तर ते अगदी स्वाभाविक ठरले असते.

आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. ही गोष्ट त्यांच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांनी जितकी ध्यानात घ्यावयास हवी तितकी घेतली नाही, असे खेदाने म्हणावे लागते. मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबियात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधातच त्यांनी सांगून टाकले होते की या देशातील लोक अनेक वंशांच्या मिश्रणातून झाले आहेत, आणि जात ही वंशातून निघालेली नाही. ती विवाहाचे बंधन घालून दारे बंद करून घेतलेल्या वर्गाची रचना आहे. बत्तीस वर्षांनी, १९४८ च्या अस्पृश्यांसंबंधीच्या ग्रंथात ते पुन्हा या प्रश्नाकडे आले आणि नाकाच्या मापांचे तक्ते मांडून त्यांनी दाखविले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वांशिक भेद सिद्ध होत नाही. हे तक्ते त्यांनी डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडून घेतले होते. घुर्ये जन्माने मालवणचे. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. नाकाची मापे घेऊन माणसाची पंगत ठरविण्याचे हे शास्त्र आज मोडीत निघाले आहे. पण ज्या हत्याराने इतर लोक भेद सिद्ध करीत होते, त्याच हत्याराने त्यांनी भेद खोटा पाडला, हे महत्त्वाचे.

त्यांनी असे का केले? केवळ शास्त्रीय सत्याची चाड म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. ते अर्थशास्त्रज्ञ होते आणि वकीलही होते. ‘आम्ही अगोदरचे’ हे विधान न्यायालयात नेले तर त्याचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. तो अनुभव त्यांनी स्वतः प्रतिवादी म्हणून घेतला, आणि तोही महाडास.

ग्रेज इन मधून बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये ते परतले आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला काम देण्यास राजी नव्हती. उत्पन्न बेताचे, म्हणून बाटलीबॉयांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविण्याची नोकरीही त्यांनी केली. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती, आणि फी देऊ न शकणारा पक्षकार तेथे अधिक येई. याच काळात रावबहादूर बोले यांचा ऑगस्ट १९२३ चा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झालेला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसे जाहीरही केले. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात पाणी घेण्यास कोणी धजले नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले, आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले, आणि पुढे जी मारहाण झाली ती इतिहासात नोंदली गेली आहे.

त्यानंतरचा न्यायालयीन भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. प्रतिवादी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. वादींचे म्हणणे असे की तळे खाजगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न घेण्याची वहिवाट अनादिकालापासून चालत आलेली आहे. तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. त्यामुळे २५ डिसेंबरला भरलेल्या दुसऱ्या परिषदेत तळ्यावर जाण्याचा बेत आवरता घ्यावा लागला. मग दावा दहा वर्षे चालला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिला. वादी वर वर अपिलात गेले. आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. पंधरा वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, अहमदाबादेस गांधींना सहा वर्षांची सजा देणारे न्यायाधीशही तेच.

या निकालाचे मर्म समजून घेण्याजोगे आहे. स्पृश्य वादी म्हणत होते की आम्ही अनादिकालापासून येथले आहोत, म्हणून पाणी आमचे. म्हणजे ‘अगोदरचे’पणाचा दावा येथे बहिष्कार घालणारा करीत होता. न्यायालयाने विचारले, अनादिकालापासून म्हणता, तर पुरावा काय? तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उठली त्यानंतरच कोणास पाणी अडवून ठेवावेसे वाटले असेल, त्यापूर्वी तसा प्रयत्न झाला असावा याची शंकाच आहे, अशा आशयाचे निरीक्षण न्यायमूर्तींनी केले. तळे नगरपालिकेकडे असलेले सार्वजनिक तळे ठरले आणि वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही. प्रतिवादी जिंकले ते ‘आम्ही तुमच्यापेक्षा जुने’ असे सिद्ध करून नव्हे. ते सार्वजनिक जागेचे हक्कदार होते म्हणून जिंकले. प्राचीनत्वाचे शस्त्र दुधारी असते. ज्याच्याजवळ दप्तर, देवस्थान आणि पोथी आहे, त्याच्या हातात ते नेहमीच अधिक चालते.

आता जमिनीकडे वळू, कारण आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा खरा विषय आहे.

रत्नागिरी आणि लगतच्या कुलाबा जिल्ह्याच्या काही भागात खोती होती. खोत हा मुळात सरकार आणि कूळ यांच्यामधला वसूल गोळा करणारा. १८८० च्या खोती कायद्याने त्याचे स्थान पक्के केले. कूळ डोंगरउतारावर भात-नाचणी पिकवी, आणि मळणी होताच अर्धे वा तिसरा हिस्सा खोताच्या घरी जाई. वर वेठ. खोताच्या घरची लाकडे, शाकारणी, लग्नकार्यातली धावपळ; नाही म्हटले तर पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याला. सरकारचा सारा थोडा, खोताची मागणी मोठी, आणि मधला फरक कोणत्याही उत्पादक कामात गुंतत नसे. अशा व्यवस्थेत शेती सुधारण्याची प्रेरणा कुळालाही नसते आणि खोतालाही नसते. कोकणचा तरुण गिरणीत आणि गोदीत का गेला याचे उत्तर निसर्गाच्या कंजूषपणात शोधणारे बरेच आहेत. त्यांनी खोताचे हिशेब पाहावेत. लोकमान्य टिळकांचे घराणे खोतांपैकी होते आणि ‘केसरी’ने खोतांची बाजू उचलून धरली होती, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही.

खोताच्या वहीत महार कूळ होते, कुणबी कूळ होते, कोठे आगरी तर कोठे मुसलमान कूळ होते. जातीच्या उतरंडीत कुणबी महाराच्या वर. पाणवठ्यावर तो महाराला अडवी. पण खोताच्या अंगणात धान्य मोजताना दोघांचे माप सारखेच. वंशाच्या भाषेत ही दोन माणसे कधीच एकत्र आली नसती. जमिनीच्या भाषेत ती आली. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची शेतकरी परिषद भरली. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. त्याच्या नावात जात नाही, धर्म नाही. त्यात महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर ही स्पृश्य मंडळीही होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतास वाजवी मोबदला, आणि कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध, हे त्याचे सूत्र. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून बोटीने आणि पायी आलेले हजारो शेतकरी मुंबईच्या रस्त्यांवरून विधानसभेवर गेले. लाल बावट्याखालचे कार्यकर्तेही त्यांच्यासमवेत होते. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने विधेयक पुढे सरकू दिले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने, अंमल १९५० पासून.

याच सुमारास, १९३१ मध्ये, रत्नागिरी शहरात पतितपावन मंदिर उभे राहिले होते आणि त्यात सर्व जातींना प्रवेश होता. त्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि सभामंडपात जागा मिळालेला माणूस बाहेर पडला की पुन्हा खोताच्याच जमिनीवर पाऊल ठेवीत होता. ‘आपण कोणाचे’ या प्रश्नाला वंशाने दिलेले एक उत्तर आणि देवळाने दिलेले दुसरे, या दोहोंपेक्षा तिसरे उत्तर त्या तरुण बॅरिस्टरने शोधले. पाण्यावर, जमिनीवर आणि मतपेटीवर ज्याचा अधिकार चालतो, तो त्या भूमीचा.

नावाच्या बाबतीतही हेच दिसते. गोलमेज परिषदेच्या काळात, नोव्हेंबर १९३१ मध्ये, ‘दलित वर्ग’ हे नाव बदलून ‘प्रोटेस्टंट हिंदू’ किंवा ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’ असे काही ठेवावे, अशी सूचना त्यांनी केली. ‘आदि’ हा शब्द त्यांनी सुचविला नाही. त्यांना हवे ते नाव बंडखोराचे होते.

इतके सांगून थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. या उत्तरात एक उणीव राहिली, आणि ती आदिवासींच्या बाबतीत. १९४५ मध्ये जातीय प्रश्नाचा तोडगा मांडताना आंबेडकरांनी आदिवासी जमातींना अजून राजकीय जाण आलेली नाही असे म्हणून त्यांना विधिमंडळातील जागांच्या वाटपातून वगळले. जी सबब अस्पृश्यांविरुद्ध वापरली जात होती, तीच त्यांनी येथे वापरली. हे विधान समर्थनीय नाही. योगायोग असा की त्याच साली ठाणे जिल्ह्यात वारली उठले, वेठबिगारीविरुद्ध; आणि त्यांचे संघटन करणाऱ्यांत शामराव व गोदावरी परुळेकर होते. शामराव म्हणजे आठ वर्षांपूर्वी स्वतंत्र मजूर पक्षातून विधानसभेत बसलेले तेच. राजकीय जाण कोणाला येते आणि कशाने येते, याचे उत्तर तलासरी-डहाणूच्या जंगलात मिळत होते.

घटना परिषदेत जयपालसिंग मुंडा यांनी ‘आम्ही या देशाचे पहिले रहिवासी’ असे ठणकावून सांगितले आणि ‘आदिवासी’ हाच शब्द घटनेत असावा असा आग्रह धरला. २ डिसेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी वकिलाचे उत्तर दिले. ‘आदिवासी’ हा सर्वसामान्य शब्द आहे, त्याला निश्चित कायदेशीर अर्थ नाही. अनुसूचित जमातींची यादी असते, म्हणून हक्क कोणाचे हे न्यायालयात सांगता येते. वकील म्हणून हे बरोबर होते. परंतु जयपालसिंगांच्या आग्रहात केवळ रक्ताचा अभिमान नव्हता. त्यामागे जंगल होते, नांगराखाली आणलेली जमीन होती, आणि ती कागदावर कधीच चढली नव्हती. ज्याने श्रमाने भूमी वापरात आणली त्याचे ‘अगोदरचे’पण आणि महाडच्या वादींचे ‘अगोदरचे’पण एकाच तराजूत तोलता येत नाही. एक वहिवाट कसण्याची आहे, दुसरी हाकलण्याची. हा भेद घटनेने पुरता केला नाही, आणि यादीने तर नाहीच नाही.

त्याचे परिणाम आपल्या जिल्ह्यात आजही दिसतात. उत्तर रत्नागिरीच्या तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष दुर्बळ म्हणून नोंदल्या गेल्या, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, त्यांपैकी ही एक. घर पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी. सातबारा दुसऱ्याच्या नावे. पावसाळा संपला की कुटुंब वीटभट्टीवर वा कोळसा पाडण्यास जाते, आणि मुलाची शाळा तेथेच तुटते. त्यातूनही एखादा मुलगा किंवा मुलगी शिकून कायद्याच्या वर्गापर्यंत पोचली, तर पहिली परीक्षा जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीच्या अर्जदाराने ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून घराणे राज्यात राहत असल्याचा पुरावा द्यावयाचा. अनुसूचित जातीसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०. ज्याच्या आजोबांचे नाव शाळेच्या दप्तरात नाही, कारण त्यांना शाळाच नव्हती, आणि महसुली कागदात नाही, कारण त्यांना जमीनच नव्हती, त्याने तो कोठून आणावा? पुढे पडताळणी समितीसमोर चालीरीती, देव, लग्नविधी यांची विचारपूस होते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात स्पष्ट केले की ही चालीरीतींची कसोटी अंतिम मानता येणार नाही. निर्णय चांगला आहे. तो वाडीपर्यंत पोचविण्याचे काम शिल्लक आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्यावर हक्क दिला आणि इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा मागितला. सप्टेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले आणि वर सांगितले की स्वातंत्र्यानंतर सर्वच भारतीय येथले मूळचे आहेत. सर्वच मूळचे, असे म्हटले की कातकऱ्याच्या झोपडीखालची जमीन कोणाची हे सांगावे लागत नाही. आणि अमुक एक रक्ताचे तेवढेच मूळचे, असे म्हटले की कुणबी कूळ आणि महार कूळ पुन्हा दोन बाजूंस जातात. दोन्ही घोषणा सभेत टाळ्या घेतात.

मंडणगडच्या नव्या न्यायालयात उद्या एखाद्या कातकरी वाडीचे प्रकरण चालेल, तेव्हा तेथे वाडीची बाजू मांडणाऱ्यास लागतील ती कागदपत्रे: ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, जुन्या मतदारयाद्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, शेजाऱ्यांचे जबाब, झाडे कोणी लावली याचा पंचनामा. ही जमवाजमव प्रत्येक वाडीत आतापासून करता येते, आणि त्यासाठी वकील असण्याची गरज नाही.